शिजणं, शिजवणं, शिजू देणं: फ्रेंचमधलं 'क्युईर' मराठीतून शिकताना

फ्रेंच शिकायला लागून चारेक महिने झाले होते. वर्गात बाईंनी विचारलं, रविवारी काय करतेस? मी छातीठोकपणे म्हटलं, "ज्य क्युई." म्हणजे माझ्या मते, मी स्वयंपाक करते. बाई हसू दाबत म्हणाल्या, "किती मिनिटं लागतात तुला?" कारण मी म्हणाले होते, 'मी शिजते'.

चूक झाली ती इंग्रजीमुळे. आपण मराठी माणसं फ्रेंच शिकताना मध्ये नकळत इंग्रजीचा पूल टाकतो. इंग्रजीत स्वयंपाकी आणि भात दोघांनाही एकच 'कुक' पुरतो, आणि मग फ्रेंचमध्येही तसंच असेल असं वाटून आपण पडतो. खरं तर या एका क्रियापदापुरता पूल लागतच नाही. 'शिजणं' आणि 'शिजवणं' यांतला फरक ज्याला आईच्या हाताखाली कळला आहे, त्याला 'क्युईर'चं अर्धं व्याकरण आधीच येतं. फक्त ते येतंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा लेख त्यासाठी. हॉटेल मॅनेजमेंटला फ्रेंच घेतलेली मुलं, अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं आणि शिकायला फ्रान्सला जाऊन तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात पहिल्यांदा उभी राहणारी मुलं, अशी तिघं डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी तोंड वळवू

शब्दाचं स्पेलिंग सी-यू-आय-आर-ई. उच्चार देवनागरीत 'क्युईर' असा लिहावा लागतो, पण तो जवळपासचा आहे. 'ऊ' म्हणताना ओठ जसे होतात तसे गोल करा आणि ते न हलवता 'ई' म्हणायचा प्रयत्न करा. मधला जो चमत्कारिक आवाज निघतो, तोच हवा. शेवटचा 'र' जिभेच्या टोकाचा नाही, घशातला. चूळ भरताना जिथे गुळगुळ होते साधारण तिथला.

पुढे मी फ्रेंच वाक्यं देवनागरीतच लिहिणार आहे. 'ज' दिसला की तो 'जरा', 'बाजार' यांतला समजा. 'ज्य' लिहिलं असेल तिथे मात्र 'श' म्हणता म्हणता त्यात गळ्याची घरघर मिसळा. मराठीत तो आवाज नाही. 'आँ' आणि 'ओं' नाकातून, आणि दोन्ही वेगवेगळे ठेवा, नाहीतर पुढे पंचाईत होईल.

जाता जाता: चामड्यालाही फ्रेंचमध्ये 'क्युईर'च म्हणतात, उच्चार तंतोतंत तोच. फक्त स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' नाही. नातं काही नाही, चामड्याचा शब्द लॅटिनच्या 'कोरियुम'वरून आला. घट्ट पुरी चावताना हा योगायोग आठवला तर माझी हरकत नाही.

मग कुळ पाहू, कारण ते आपलंच आहे

'क्युईर' आलं लॅटिनमधल्या 'कोक्वेरे'वरून. लोकांच्या तोंडी त्याचं 'कोकेरे' झालं आणि फ्रान्सच्या उत्तर भागात त्या 'ओ'चा, पुढच्या मऊ झालेल्या व्यंजनामुळे, 'युई' झाला. हा बदल एकट्या या शब्दात झाला नाही. लॅटिन 'नोक्तेम'ची झाली 'न्युई' (रात्र), 'ओक्तो'चं झालं 'युईत' (आठ) आणि 'कोक्तुम'चं झालं 'क्युई' (शिजलेलं). संस्कृत थोडंफार कानावर असेल तर 'नक्तम्' आणि 'अष्ट' इथे लगेच ओळखू येतात. मग तिसऱ्याचा भाऊ कोण?

तो 'पक्व'. लॅटिन 'कोक्वेरे' आणि संस्कृत 'पच्' हे एकाच मूळ धातूचे वंशज. पण एकाच्या सुरुवातीला 'क' आणि दुसऱ्याच्या 'प', हे कसं? मूळ धातू 'पेक्व' असा काहीसा होता, असं भाषाशास्त्रज्ञ मांडतात. लॅटिनमध्ये सुरुवातीचा 'प' पुढच्या 'क्व'च्या संगतीने स्वतःही 'क्व' झाला. खात्री करायची असेल तर पाचाचा आकडा बघा. संस्कृतात 'पञ्च', लॅटिनमध्ये 'क्विंक्वे', फ्रेंचमध्ये 'सँक', मराठीत पाच. तिथेही अगदी हीच चाल: आपल्याकडे 'प' टिकला, लॅटिनने तो बदलला.

म्हणजे पचन, पाककृती, पक्वान्न, स्वयंपाक, पक्का, पिकणं ही सगळी 'क्युईर'ची चुलत भावंडं. मुंबईत 'डोकं पकवू नको' म्हणतात, तेही हिंदीमार्गे याच घरातलं. लॅटिन क्रियापदालाही शिजणं, पिकणं आणि पचणं हे तिन्ही अर्थ होते. उष्णता चुलीची असो, उन्हाची असो की पोटातली, कच्च्याचं पक्कं होणं ही त्यांना एकच क्रिया वाटत होती, आणि आपल्या पूर्वजांनाही. लवकर पिकणाऱ्या फळाला लॅटिनमध्ये 'प्राइकोक्वुम' म्हणत. तो शब्द ग्रीकांकडून अरबांकडे गेला, तिथून स्पेनच्या वाटेने परतून फ्रेंचमध्ये 'आब्रिको' झाला: जर्दाळू.

या कुळातले दोन पाहुणे तर महाराष्ट्र-गोव्यात कधीचे मुक्कामाला आहेत. एक बिस्किट. 'बिस' म्हणजे दोनदा, 'क्युई' म्हणजे भाजलेलं. जहाजावर टिकावा म्हणून दोनदा भाजून कडक केलेला पाव, ते मूळ बिस्किट. फ्रेंच लोक आजही 'बिस्क्युई' म्हणतात, आपल्याकडे तो इंग्रजांच्या हातून आला. दुसरा गोव्यात: ख्रिस्ती घरांतल्या कोंकणीत स्वयंपाकघराला 'कुजिन' आणि स्वयंपाक्याला 'कुजनेर' म्हणतात. ते पोर्तुगीजांचं देणं, आणि ती पोर्तुगीज 'कुझिन्या' फ्रेंच 'क्युइजीन'ची सख्खी बहीण.

आता मुख्य पायरी: भात शिजतो की तू शिजवतोस?

इथे घाई करू नका. लेखातली बाकीची माहिती कुठेही मिळेल. ही पायरी मात्र मला पुस्तकांनी नीट सांगितली नाही.

'क्युईर'चा मूळचा कर्ता चुलीवरचा पदार्थ.

ल री क्युई. भात शिजतो.
ले पॉम द तेर क्युइज. बटाटे शिजताहेत.

आपल्याकडच्या व्याकरणकारांना ही रचना जुनी ओळखीची. 'देवदत्त भात शिजवतो' हे त्यांचं लाडकं उदाहरण, आणि त्याच्याच जोडीला 'पच्यते ओदनः स्वयमेव', भात आपला आपण शिजतो. फ्रेंच भात असाच आपला आपण शिजतो.

माणूस मध्ये आला की 'फेर' हे क्रियापद पुढे जोडतात. त्याचा अर्थ 'करणं', पण दुसऱ्या क्रियापदाच्या आधी आलं की ते आपल्या 'शिजवणं'मधल्या 'व'चं काम करतं.

ज्य फे क्युईर ल री. मी भात शिजवते.

शिजणं म्हणजे 'क्युईर', शिजवणं म्हणजे 'फेर क्युईर'. मराठी हा फरक एका अक्षरात करते, फ्रेंच एका शब्दात. आणि गंमत अशी की जोड इथेच थांबत नाही:

लेसे क्युईर: शिजू देणं.
मेत्र आ क्युईर: शिजत घालणं, शिजायला ठेवणं.

'लेसे' म्हणजे असू देणं, सोडणं. 'मेत्र' म्हणजे ठेवणं, घालणं. चारही रचना मराठीत शब्दाला शब्द बसतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'फेर क्युईर' समजवायला बिचारे शिक्षक अर्धा तास खर्च करतात, 'भाताला शिजायला लावणं' अशी काहीतरी कसरत करतात. तुम्हाला तिची गरज नाही.

ही जोडी वापरताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, 'फेर' आणि 'क्युईर' यांच्यामध्ये पदार्थाला बसू देऊ नका. 'ज्य फे ल री क्युईर' हे कानाला खटकतं. भात शेवटी. पण भाताऐवजी 'तो' म्हणायचं असेल तर तो सर्वात पुढे उडी मारतो: ज्य ल फे क्युईर, मी तो शिजवते. आज्ञा करताना पुन्हा मागे येतो: फेत-ले क्युईर, ते शिजवा. नकारात 'पा' मात्र दोघांच्या मध्ये चालतो: न फेत पा क्युईर, शिजवू नका.

दुसरी, भूतकाळ. 'मी भाजी शिजवली', 'मी बटाटे शिजवले' असं आपण कर्माप्रमाणे क्रियापद बदलतो. फ्रेंचही बदलते, पण फक्त कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर. आणि 'फेर'नंतर दुसरं क्रियापद असेल तर मुळीच नाही. 'मी शिजवलेले बटाटे' हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं:

ले पॉम द तेर क ज्ये क्युईत.
ले पॉम द तेर क ज्ये फे क्युईर.

पहिल्यात बटाटे (फ्रेंचमध्ये ते स्त्रीलिंगी, शब्दशः 'भूमीची सफरचंदं') आधी आले म्हणून 'क्युई'चं 'क्युईत' झालं. दुसऱ्यात 'फे' ढिम्म हलत नाही. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

तिसरी, आता तुम्ही विचाराल की 'फेर'शिवाय थेट 'भात शिजवणं' म्हणता येतच नाही का? येतं. बेकरीवाला पाव भाजतो, कुंभार मडकी भाजतो, तिथे नुसतं 'क्युईर' पुरतं, आणि हल्ली पाककृतींतही 'क्युईर दी मिन्यूत', दहा मिनिटं शिजवा, असं सर्रास दिसतं. माझा सल्ला: वाचताना दोन्ही ओळखा, बोलताना पहिलं वर्षभर 'फेर क्युईर'च वापरा. कधीच चुकणार नाही.

आणि रविवारी मी काय करते? ज्य क्युइजीन. किंवा ज्य फे ला क्युइजीन. स्वयंपाक करणं हे वेगळं क्रियापद आहे, 'क्युइजिने'. 'ज्य क्युई' म्हणायचंच असेल तर ते पुण्याच्या मेमध्ये पंखा बंद पडल्यावर म्हणा, उकडून निघाले या अर्थी. तेव्हा ते अचूक फ्रेंच ठरेल. 'फेर क्युइजिने' म्हटलंत तर मात्र तिथे खरंच दुसरा माणूस आला: कुणाला तरी स्वयंपाक करायला लावणं. आणि पोलीस एखाद्याला 'क्युइजिने' करतात तेव्हा ते त्याला चौकशीत चांगलं सोलून काढत असतात.

शिजला की शिजलेला

ल री आ क्युई दी मिन्यूत. भात दहा मिनिटं शिजला.
ल री ए क्युई. भात शिजलाय, झालाय, उतरवा.

पहिल्यात 'आ' हे 'असणं-जवळ' अर्थाचं साहाय्यक क्रियापद: क्रिया घडली, इतका वेळ चालली. अजून कच्चा असेलही. दुसऱ्यात 'ए' म्हणजे 'आहे': अवस्था सांगितली. या दुसऱ्या रचनेत लिंगवचन पाळावंच लागतं. ला व्हियाँद ए क्युईत, मांस शिजलंय. पुल्लिंगी 'क्युई'चा शेवटचा 'टी' मुका, स्त्रीलिंगात तो बोलका होतो. फ्रेंच माणसाच्या कानाला तुमची चूक इथे ऐकू जाते, म्हणून सांभाळा.

या 'क्युई-क्युईत'चा रोजचा उपयोग बेकरीत. युन बागेत बियँ क्युईत म्हणा, खरपूस भाजलेला लांब पाव मिळेल. पा त्रो क्युईत म्हणा, फिकट आणि मऊसर मिळेल. लोक खरंच असे मागतात, तुम्हीही मागा.

इथे मराठीची साथ थोडी सुटते, ते सांगायला हवं. आपण ओलं ते शिजवतो, कोरडं ते भाजतो. भात शिजतो, भाकरी भाजते; भाकरी शिजली असं कुणी म्हणत नाही. फ्रेंचला हा भेद नाही. भात, पाव, वीट, मडकं, सगळं 'क्युई'. कसं, ते पुढच्या शब्दाने कळतं: आ लो (पाण्यात), आ ला व्हापर (वाफेवर), ओ फूर (भट्टीत, ओव्हनमध्ये). तेर क्युईत, म्हणजे भाजलेली माती, हे मातीच्या मूर्तींचं नाव. आपण भाजलेल्या विटेला 'पक्की' म्हणतो, तेव्हा नकळत तोच धातू वापरत असतो.

मांसाहारी वाचकांसाठी एक तातडीची सूचना. फ्रान्समध्ये स्टेक मागवला की वेटर विचारतो, किती शिजवू? उत्तरं चार. 'ब्लो' म्हणजे निळं, बाहेरून जेमतेम शेकलेलं. 'सेन्याँ' म्हणजे रक्ताळ. 'आ प्वँ' म्हणजे बेताचं, पण त्यांचा बेत आपल्यापेक्षा पुष्कळ कच्चा असतो. 'बियँ क्युई' म्हणजे नीट शिजलेलं. आपल्याकडे मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवायची सवय, त्यामुळे बहुतेकांना 'बियँ क्युई'च झेपतं. वेटरच्या भुवया किंचित वर जातील. जाऊ द्या.

रूपं पाठ करायची तर अशी

वर्तमानकाळात एकवचनाची तिन्ही रूपं उच्चाराला एकच: ज्य क्युई, त्यू क्युई, इल क्युई. अनेकवचनात 'ज' उगवतो: नू क्युइजों, व्हू क्युइजे, इल क्युइज. 'शिजत होता' म्हणजे क्युइजे. 'शिजेल' म्हणजे क्युइरा. एवढ्यावर स्वयंपाकघर चालतं. कादंबऱ्यांतलं 'क्युइजी' हे जुन्या धाटणीचं भूतकाळी रूप दिसलं तर ओळखा आणि पुढे जा.

एक फायदा: 'कोंद्युईर' (गाडी चालवणं), 'त्राद्युईर' (भाषांतर करणं), 'कोंस्त्र्युईर' (बांधणं) हे सगळे याच वळणावर चालतात. एक पाठ केलं की बाकीचे पदरात.

खड्डे मात्र तीन आहेत. 'क्युइजों' म्हणजे आम्ही शिजतो, 'क्युइसों' म्हणजे शिजण्याची क्रिया. पाकिटावर 'ताँ द क्युइसों' लिहिलेलं असतं ते शिजायला लागणारा वेळ. फरक एका 'एस'चा: एकटा असेल तर 'ज', जोडीने असतील तर 'स'. दुसरा, 'क्युइज' म्हणजे ते शिजतात आणि 'क्युइस' म्हणजे मांडी, कोंबडीची तंगडी मागताना लागतो तो शब्द. तिसरा, नाकातला: 'क्युइजों' आणि 'क्युइजाँ'. दुसऱ्याचा अर्थ झोंबणारं, जिव्हारी लागणारं. दारुण पराभवाला फ्रेंच वर्तमानपत्रं हेच विशेषण लावतात.

पाककृती वाचताना

फ्रेंच पाककृतीत क्रियापद दोन तऱ्हांनी येतं. एक आज्ञार्थी: फेत क्युईर, शिजवा. दुसरी मूळ रूपात: फेर क्युईर. हे दुसरं आपल्या जुन्या पाकपुस्तकांतल्या 'शिजवावे', 'उतरवावे', 'कोथिंबीर भुरभुरावी'सारखं, कुणाला उद्देशून नसलेलं. बोलताना ही तऱ्हा वापरू नका, लेखीच ती.

एकदा 'फेर'ची युक्ती कळली की अख्खा ओटा कळतो. 'फोंद्र' वितळणं, 'फेर फोंद्र' वितळवणं. 'बुयीर' उकळणं, 'फेर बुयीर' उकळवणं. हे 'बुयीर' जरा लहरी: एकवचनात 'बू' (लो बू, पाणी उकळतंय) आणि अनेकवचनात 'बुयों'. मूळ लॅटिनमध्ये बुडबुड्याचा शब्द आहे, म्हणून उकळीच्या बुडबुड्यालाही आणि सूपच्या पाण्यालाही 'बुयों' म्हणतात.

'फ्रीर', तळणं, हे तर लंगडं क्रियापद. वर्तमानकाळात त्याला अनेकवचनच नाही. 'आम्ही तळतो' म्हणायचं तर सरळ रूप मिळत नाही, 'फेर'चीच काठी घ्यावी लागते: नू फेजों फ्रीर. आपलं 'तळणं' सकर्मक, त्याला तळणारा लागतो. त्यांचं मुळात लंगडं. इथे मराठीची साथ पुन्हा सुटते.

पण ती पुढच्याच शब्दात अशी जुळते की मला अजून नवल वाटतं. कांदा तेलात किंवा लोण्यात हलवत भाजण्याला फ्रेंच म्हणतात 'फेर रव्हनीर लेज ओन्यों'. 'रव्हनीर' म्हणजे परत येणं. नवशिक्याला कळेना, कांद्याला परत कुठून आणायचं? मराठी माणसाने फक्त स्वतःची भाषा ऐकावी: कांदा परतून घ्या. घरी परतणं आणि कांदा परतणं, दोन्हीला एकच क्रियापद, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. दोन्ही भाषा आपापल्या वाटेने तिथे पोचल्या. एकीने दुसरीकडून घेतलेलं नाही.

तसंच 'मिज्योते'. मंद आचेवर तासन् तास रटरटू देणं, हा आजचा अर्थ. जुना अर्थ फळं पिकू देणं. गावाकडे फळं साठवून पिकवायच्या जागेला 'मिज्यो' म्हणत. थोडक्यात अढी. आंबे अढीत घालून आपण जसे धीर धरून बसतो, तसं फ्रेंच रस्सा चुलीवर ठेवून बसतात. शिजणं आणि पिकणं यांची लॅटिनमधली जुनी सोयरीक खेड्यापाड्यांतल्या एका वेगळ्याच शब्दातून पुन्हा वर आली.

बोलण्यात येणारं

वाक्प्रचार पुष्कळ आहेत, मी चारच सांगते. 'ले कारोत सों क्युईत', गाजरं शिजली: संपलं, आता काही होत नाही. 'से द्यू तू क्युई', सगळं शिजलेलंच आहे: आयतं पान वाढलंय. 'अँ द्युर आ क्युईर', शिजायला चिवट: हटत नाही असा माणूस, आपण 'त्याच्यापुढे डाळ शिजत नाही' म्हणतो त्याच्या जवळपासचं, पण यांत न शिजणारा तो स्वतः. आणि 'व्हा त फेर क्युईर अँ नफ', जा, जाऊन स्वतःला एक अंडं उकड: चालता हो इथून. हे शेवटचं फक्त ओळखून ठेवा, घरमालकाशी वापरू नका.

अंड्याचाच विषय निघाला तर तीन-सहा-नऊ लक्षात ठेवा. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं म्हणजे 'आ ला कोक', कवचातच चमच्याने खायचं पातळ. सहा म्हणजे 'मोले', बलक ओलसर. नऊ म्हणजे 'द्युर', टणक. तिन्हींसाठी वाक्य एकच, आकडा बदला: लेसे क्युईर सी मिन्यूत, सहा मिनिटं शिजू द्या.

सरावाला: वरणभाताचा कुकर

आता ओट्याशी उभं राहून मोठ्याने म्हणा. तांदूळ धुताना: रँसे ल री. चढवताना: मेते ल री आ क्युईर. आच कमी करताना: लेसे क्युईर आ फ दू. झाकण काढल्यावर: ल री ए क्युई. वरणासाठी शब्द बदला, मसूर स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी: ले लाँतिय सों क्युईत. शेवटचा 'त' ऐकू आला पाहिजे.

कुकरला फ्रेंचमध्ये म्हणतात 'ओतोक्युइजर'. 'ओतो' म्हणजे स्वयं आणि पुढचं 'क्युईर'चं नाम, म्हणजे पाक करणारा. शब्दशः स्वयं-पाकी. त्याचा पूर्वज ब्ल्वा गावच्या दनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679मध्ये लंडनला दाखवला होता. हाडं मऊ करणाऱ्या त्या भांड्याचं इंग्रजी नाव होतं 'डायजेस्टर', पाचक.

मात्र आपल्या 'तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर'चं फ्रेंच करायला जाऊ नका. त्यांचे कुकर तशा थांबून थांबून शिट्ट्या मारत नाहीत. झडप फिरायला आणि सुसू करायला लागली की तिथून मिनिटं मोजायची, आणि तोवर भाताला आपला आपण शिजू द्यायचं.